कझिन म्हणजे नक्की कोण, दिगू?

दिगू,

परवा पेडगावला तुझा दहावा झाला. माणसं पांगली, मांडव सोडला, आणि मी परभणीला घरी येऊन हे लिहायला बसलो. तुझे गुण सांगणारे तिथे पुष्कळ होते, त्यात माझी भर नको. मला तुझ्यावरचा एक जुना शक काढायचा आहे. तू होतास तेव्हा हा विषय निघाला की तू चहा मागवायचास, नाहीतर यंदा सोयाबीनचं कसं काय म्हणून विचारायचास. आता तुला विषय बदलता येणार नाही.

आपण दोघं एकाच गावचे. आडनाव एकच, आळ्या दोन. तुझं घर मारुतीच्या पाराजवळ, आमचं विहाराच्या पलीकडे. शाळेत एका बाकावर बसलो, एकत्रच बारावी झालो आणि कॉलेजसाठी परभणीत किरायाची खोली शोधायला निघालो. पहिल्या दोन-तीन घरी मी बोललो. माझं बोलणं ऐकून घेईपर्यंत खोली रिकामी असायची आणि आम्ही पेडगावच्या कोणत्या अंगाचे हे कळलं की ती कालच कुणाला तरी दिलेली निघायची. मग तू म्हणालास, "मिल्या, आता मी बोलतो. तू नुसता हूं म्हण."

स्टेशनकडच्या गल्लीतल्या त्या काकू आठव. अंगणात ज्वारी पाखडत बसल्या होत्या. तुझं नाव, गाव, बापाचं नाव, शेती, सगळं विचारून झालं आणि सूप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आन् ह्यो?"

"ह्यो माझा कझिन हाय, काकू."

"कझिन मंजी? चुलत का मावस?"

"कझिन मंजी कझिन. इंग्रजीत त्यात भेद नसतो."

त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत जायचा. शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असणार आणि तो आपल्याला कळत नाही हे दोन पोरांपुढे कबूल करणं त्यांना बरं वाटलं नसावं. त्यांनी माझं आडनाव विचारलं. "तेच की," तूच सांगितलंस. मी हूं म्हणालो. काकूंनी किल्ली दिली आणि मोरीबाहेर पाणी सांडू नका म्हणाल्या.

तू खुशीत होतास. ट्रंक आत ओढताना शीळ घालत होतास. मला मात्र तिथेच, उंबऱ्यावरच, पहिल्यांदा ते टोचलं. आडनाव एक, गाव एक. तू नुसतं "माझा चुलतभाऊ" म्हणाला असतास तर काकूंनी पुढे एक शब्द विचारला नसता. ते सोपं होतं, साधं होतं. ते सोडून तू असा शब्द काढलास की ज्याच्यावर उलट प्रश्न येणारच होता. का? भाऊ म्हणायला तुझी जीभ वळली नाही का? इंग्रजीत म्हटलं की आपल्याला लागत नाही, अंगाला चिकटत नाही, असं काही होतं का? मी तेव्हा विचारलं नाही. खोली मिळाली होती.

काकू आपल्यापेक्षा पक्क्या निघाल्या. त्यांनी आपल्याला कधी एकत्र गाठलं नाही. मी नळावर बादली लावली की मला विचारायच्या, "तुमच्या आज्याला किती लेकरं?" तू चपला काढत असलास की तेच तुला. आपलं कुलदैवत कोणतं, लग्नात हळद कोण लावतं, धाकट्या आत्याला कुठं दिलंय. मग तू मला तयारी करून घ्यायला लागलास. पाढे म्हणून घ्यावेत तशी तुझी सगळी वंशावळ तू माझ्याकडून म्हणून घेतलीस. तुझा पणजा, तुझ्या आत्या, तुमच्या देवीची जत्रा, सगळं मला पाठ झालं. तुला मात्र माझ्या आजोबाचं नाव पाठ करायची वेळ कधी आली नाही. मला वाटतं, ते तुला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

मग आण्णा आले. आण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेत गँगमन होते. पेडगावहून सकाळच्या गाडीने आले, अंगात इस्त्रीचा शर्ट, पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. या कझिन प्रकरणाची त्यांना काही कल्पना नव्हती. मी त्यांना ते कोणत्या तोंडाने सांगणार होतो? काकूंनी त्यांना घरचे पाहुणे समजून ओट्यावर बसवलं, स्वतः आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. आण्णांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, प्यायले, खाली ठेवला, आणि जगात कुणालाही म्हणतात तसंच काकूंना हात जोडून म्हणाले, "जय भीम, ताई."

काकूंनी तांब्याकडे पाहिलं. मग तुझ्याकडे. तू नुकताच दारात येऊन उभा राहिला होतास.

"ह्ये तुझे चुलते?"

तू काहीच बोलला नाहीस. "हो" नाही, "नाही" नाही. त्या वेळी तुला इंग्रजी शब्दही सुचला नाही. आण्णांनी आधी तुझ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. पिशवी माझ्या हातात दिली, "गाडीची येळ झाली" म्हणाले आणि निघाले. परतीच्या गाडीला अजून पुष्कळ अवकाश होता. त्यांना काय समजलं आणि काय नाही, हे त्यांनी मला आयुष्यात सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

काकूंनी तुला बाजूला घेतलं. "तू ऱ्हा. तुझ्याबद्दल माझं काई न्हाई. त्याला आजच्या आज जायला सांग."

"मग मी बी जातो," तू म्हणालास.

तुझी परीक्षा तोंडावर होती. हे मी कधी विसरलो नाही, दिगू, आणि शकाच्या भरात ते बाजूलाही सारलं नाही. तू दोन्ही ट्रंका उचलल्यास, मला गाद्या दिल्यास आणि मागे वळून न बघता गल्लीतून निघालास. मी तुझ्यामागून चालताना मनातल्या मनात म्हणत होतो, की झालं, या माणसाबद्दल आता आपल्याला काही विचारायचं राहिलं नाही. आणि कोपऱ्यावर पोचताच तू ट्रंका खाली आपटून म्हणालास, "आण्णांनी नुसतं नमस्कार म्हणलं असतं तर काय बिघडलं असतं रे?"

मी गाद्या रस्त्यात टाकल्या. "आन् तू चुलतभाऊ म्हणला असतास तर काय बिघडलं असतं?"

"त्यानं काय झालं असतं? आण्णा तरीबी जय भीमच म्हणले असते."

ते खरंच होतं. पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लोक थांबून बघायला लागले म्हणून आपण सामान उचललं. त्या दिवशी एका चाचांनी त्यांच्या माडीवरची खोली दिली. त्यांनी आपली नावं विचारली, नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं आणि आत निघून गेले. कोण कुणाचा काय लागतो हे त्यांना जाणून घ्यायचं नव्हतं. तुझी परीक्षा तिथूनच झाली.

पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो. पिंगळीकडच्या शाळेत दरवर्षी कुटुंबाचा धडा येतो आणि दरवर्षी पोरं वहीत "कझिन ब्रदर", "कझिन सिस्टर" लिहून आणतात. मी खोडतो. सांगतो की इंग्रजीत नुसतं कझिन म्हणायचं, पुढे काही लावायचं नाही. त्यात बाई की बुवा ते कळत नाही, आईकडचा की बापाकडचा कळत नाही, मोठा की धाकटा कळत नाही. आपल्याकडे चुलतबहीण राखी बांधते आणि मामाच्या पोरीशी लग्न जमतं. इंग्रजीत दोघी एकाच शब्दात. एकदा एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, मग त्याच्यातनं कळतं काय?" सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. तुझ्याकडे तेच तर मागत होतो मी.

फर्स्ट कझिन, सेकंड कझिन, मग पिढीचं अंतर पडलं की "वन्स रिमूव्ड". हे तुला सांगितलं तेव्हा तू तुझ्या बी-बियाण्यांच्या दुकानात पोती मोजून घेत होतास. "मंजी आपण वन्स रिमूव्डच की," तू म्हणालास. "काकूनं एकदा काढलंच हुतं." आपण दोघं पोत्यांवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ती सुटलेली खोली आपल्याला तेवढी एकदाच हसवून गेली.

त्याच बैठकीत मी परत विचारलं. तू म्हणालास, "खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून. चुलतभाऊ मंजी सरळसरळ खोटं." मी म्हणालो, कझिन काय खरं होतं? त्यावर तू चहा मागवलास. पुढे मला मोठ्या शब्दकोशात सापडलं की जुन्या इंग्रजीत हा शब्द रक्ताच्या नात्याच्या बाहेरही चालायचा. एक राजा दुसऱ्या राजाला पत्रात कझिन म्हणायचा आणि मग त्याच्यावर स्वारीही करायचा. आपल्यासारख्या, आपल्या जातकुळीच्या कुणालाही म्हणता यायचं. मी मुद्दाम दुकानात येऊन तुला हे सांगितलं. तुझा चेहरा खुलला. "बघ! मला आधीच मालूम हुतं." काय मालूम होतं, दिगू? बारावीला इंग्रजीत तू काठावर सुटलेला. मी शब्दकोश उघडला नसता तर तुझ्या खोटं न बोलण्याला कुठलाच आधार नव्हता.

आणखी काही वर्षांनी तू तिसरंच कारण दिलंस. तेव्हा तुझ्या खऱ्या चुलतभावाशी, पांडुरंगाशी, बांधावरून तुझं बोलणं बंद झालं होतं. तू म्हणालास, "चुलतभाऊ काय असतो ते मला मालूम हाय. बांध कोरणारा. तुला तसलं नाव कसं देऊ?" ऐकायला फार गोड वाटलं. मी घरी येईपर्यंत त्यावर खूश होतो. मग लक्षात आलं, की पांडुरंगाशी तुझं वाजलं ते त्या खोलीनंतर किती तरी वर्षांनी. काकूंच्या अंगणात उभा होतास तेव्हा तू आणि पांडुरंग एका ताटात जेवत होतात. तीन वेळा विचारलं, तीन उत्तरं आली. पोरांच्या पेपरात असं झालं की मी समजतो, हा कुणाचं तरी बघून लिहायलाय.

आणि तुझं लग्न. पालमला तुझ्या सासऱ्यांपुढे तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "ह्यो माझा कझिन. इंग्रजीचा मास्तर हाय." त्यांनी विचारलं, कोणत्या घरातला? तू बँडवाल्यांना ओरडायला पळालास. भाऊबंदांच्या रांगेत मलाही टॉवेल-टोपीचा आहेर झाला. आणि अक्षता पडल्यावर कुंदावहिनी, नवी नवरी, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाल्या, "भावजी, फोटोला या." या बाईला फसवलंय, असं मला वाटलं. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी हा शब्द परत घेतील.

त्यांनी घेतला नाही. माझ्या लग्नाला त्या विहारात आल्या, वंदना होईपर्यंत हात जोडून बसल्या, माझ्या आईच्या शेजारी बसून जेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जरासुद्धा आश्चर्य नव्हतं. तर मला त्या नसलेल्या आश्चर्याचाच शक आला. शिकवून आणलं होतंस का त्यांना? तुमच्या घरी मला नेहमी एकाच कपात चहा यायचा, निळ्या काठाच्या. मी दोन वर्षं त्या कपावर नजर ठेवली. शेवटी मी न राहवून विचारलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, तेवढ्याच कपाला कान राह्यलाय." पुढच्या खेपेला सगळ्यांनाच स्टीलच्या पेल्यांत चहा आला. मी त्याचाही विचार करत घरी गेलो. तुझ्या मैत्रीत असं मी राहिलो, दिगू. एक पाय तुझ्या घरात, एक उंबऱ्याबाहेर, कधी निघावं लागेल त्याची तयारी ठेवून. ही सवय मला त्या अंगणात लागली. ती माझ्या सुखात रोज थोडी माती कालवत आली आणि तू एका खऱ्या वाक्यात ती मोडू शकला असतास.

तुझ्या छातीत पाणी झालं आणि तुला दवाखान्यात आयसीयूत ठेवलं, तेव्हा दारावरच्या सिस्टरने मला अडवलं.

"पेशंटचे कोण तुम्ही?"

मित्र म्हटलं असतं तर आत सोडलं नसतं. माझ्या तोंडून काय निघालं ते तुला माहीत आहे, कारण सिस्टरने दारातूनच तुला ओरडून सांगितलं, "काका, तुमचे कझिन आलेत."

तू मास्क लावून पडला होतास. माझ्याकडे पाहून तुझे डोळे हसायला लागले. मी जवळ गेलो तर तू मास्क वर उचललास. वहिनी "काढू नका, काढू नका" म्हणत होत्या.

"मिल्या," तू म्हणालास, "आता तू सांग. चुलतभाऊ का न्हाई म्हणलास?"

मी तोंड उघडलं. आडनाव एक होतं. सिस्टरने दुसरं काही विचारलंही नसतं. "घाईत तोंडात आलं," मी म्हणालो.

"हां," तू म्हणालास. "मला बी तसंच झालं आसंल." आणि वहिनींनी मास्क खाली ओढला.

आसंल. "झालं होतं" नाही म्हणालास. तेव्हाही तू फट ठेवलीस. दुसऱ्या दिवशी मी परत विचारणार होतो. दुसऱ्या दिवशी तू बोलण्यासारखा राहिला नाहीस.

परवा ओढ्याकाठी तुमची भावकी डोक्यावरचे केस काढायला बसली. पांडुरंग सगळ्यात आधी बसला. इतकी वर्षं तुझ्याशी बोलला नाही तो माणूस मान खाली घालून हुंदके देत होता आणि मला त्याच्या रडण्याचाही शक येत होता. मला कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्हीपण बसता का? मी म्हणालो, आमच्यात हे नसतं. मी तुझ्यासाठीही ते केलं नसतं, हे तुला माहीत आहे. मी बाजूला बाभळीखाली उभा राहिलो. कार्य आटोपल्यावर पांडुरंग टक्कल पुसत माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "मास्तर, दिगूनं शेताचं तुमाला काई सांगितलं हुतं का?" त्याला माझा शक. मला एकदम हसू आलं आणि ते मी खोकल्यात दडवलं. आता आम्ही दोघं तुझे भाऊ, एकमेकांकडे असे बघत उभे.

घरी जेवणं चालली होती. वहिनी मागच्या दारी एकट्या सापडल्या. मी विचारलं, "वहिनी, लग्नात तुम्ही मला भावजी म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

"काय?"

"मी कोण ते."

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सुपारी फुटायच्या आधीपासून. बघायला आले तवा आमच्या बापाला न्हाई, मला सांगितलं. म्हणले, मला एक भाऊ हाय. रक्ताचा न्हाई, विहाराकडचा हाय. त्याला भावजी म्हणायला जमत आसंल तर हो म्हणा, न्हाईतर आत्ताच मोडू."

"भाऊ म्हणाला? कझिन नाही?"

"मला कुठं कळत हुतं तवा कझिन?"

"मग मला का नाही सांगितलं कधी?"

"मी कितीदा म्हणलं, सांगा त्यास्नी. तर म्हणले, नको. त्यो त्यातबी शक काढील."

आणि मी काढलाच, दिगू. मुलगी बघायच्या कार्यक्रमात, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तुला त्या एकट्या कुठे सापडल्या? दहा दिवस रडून थकलेली ही बाई मला काहीतरी द्यावं म्हणून हे आता जोडून सांगत नसेल कशावरून? हे तुझ्या तोंडून यायला हवं होतं. मला सांगायला तुझं काय जात होतं? वहिनींनी सांगितलं ते खरं असेल, तर तू माझ्या पाठीमागे मराठीत भाऊ म्हणालास आणि माझ्यासमोर आयुष्यभर इंग्रजीत बोललास. तुझ्यावर यापेक्षा जास्त मी कधीच रागावलो नव्हतो आणि तुझी इतकी आठवणही कधी आली नव्हती. आणि ते खोटं असेल, तर तुझी बायको माझ्यासाठी खोटं बोलली. कुठल्या शब्दाच्या आड न लपता, सरळ बोलली.

यातलं कुठलं, ते मी त्यांना विचारलं नाही. पुढेही विचारणार नाही.

वहिनी आत जाऊन माझं ताट वाढून घेऊन आल्या. मी ते लगेच घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि पांडुरंग खिडकीतून बघायलाय असा मला शक होता.